डावा मुंढा

त्या रविवारी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली, जमिनीवरच्या पांढऱ्या रेघांवर माणसं खेटून बसलेली, आणि मधोमध उंच खुर्चीवर रेशमी झग्यातले नाडीगुरू.

"नाडी म्हणजे नोकर," गुरू सांगत होते. "मालक म्हणाला थांब, की थांबली. चाल म्हणाला, की चालली. तुमचा नोकर तुमच्याच डोक्यावर बसलाय, म्हणून तुम्ही डॉक्टरांच्या दारात उभे. या, कुणीही या, बोटं ठेवून बघा."

पहिल्या रांगेतून एक बाई उठल्या. घरी शिवणकाम करणाऱ्या, सहसा कुणाच्या बोलण्याला न भुलणाऱ्या. त्यांनी गुरूंच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. गुरूंनी डोळे मिटले, हात अंगाशी घेतला, लांबलचक हुंकार दिला. बोटांखालचा ठोका बारीक झाला आणि विझला.

"थांबली," बाई पुटपुटल्या. माइकनं तो शब्द पार दारापर्यंत नेला.

दाराजवळ त्यांची सून बसली होती. साडेपाच महिन्यांची पोटुशी. तिनं नकळत स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. मिनिटाला छत्तीस. कालही छत्तीसच होती.

सून चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची. दहा दिवसांपूर्वी गिऱ्हाइकासमोर काचा बदलत "एक बरं दिसतंय की दोन?" असं विचारता विचारता ती कोसळली. डॉक्टरबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. वरच्या कप्प्यातला निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. हा दोष बहुधा जन्मापासूनचा, बाळाचा भार आला तेव्हा उघडा पडला. पेसमेकर बसवायचा, गुरुवारी.

"बाळंतपणापर्यंत थांबलं तर?" तिनं विचारलं होतं.

"पुढची चक्कर जिन्यात आली तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

गुरूंकडे मात्र सगळं सोपं होतं. "पोटुशीच्या छातीत यंत्र? बाळ जन्मायच्या आधीच यंत्राचं गुलाम होईल. तारीख पुढे ढकला. तोवर तिची नाडी माझ्याकडे."

सोमवारपासून घरात कुणाचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. दूध दोनदा उतू गेलं. शिलाई मशीन सुरू व्हायचं, चार टाक्यांत थांबायचं. नवरा नळाची तोटी पुसत म्हणाला, "आई एवढं म्हणतेय, तर आठवडाभर थांबून बघू का?"

"आठवडा माझ्या छातीतला की तुझ्या?"

तो पुन्हा तोटी पुसू लागला. खरं तर तिलाच आतून वाटत होतं, कुणीतरी ठाम 'नको' म्हणावं आणि हे सगळं टळावं. बाळ पोटात असताना छातीला चीर द्यायची, ही कल्पनाच तिला बसू देत नव्हती. ती उठायची, खिडकीशी जायची, नाडी मोजायची, पुन्हा बसायची.

"मी काय तुझं वाईट चिंतेन का गं?" सासूबाई म्हणाल्या. "या दोन बोटांनी बघितलंय मी."

मंगळवारी गुरूंचा शिष्य झगा घेऊन आला. "डाव्या मुंढ्यात, बाही जोडलीय तिथं, उसवलाय," तो म्हणाला. "आत काखेशी एक छोटी पिशवी आहे, ती तेवढी तशीच ठेवा. गुरुजींचा मंतरलेला मणी असतो तिच्यात."

सासूबाई कृतार्थ झाल्या. बुधवारी दुपारी सगळी कामं बाजूला सारून त्यांनी झगा मांडीवर घेतला. काखेतली पिशवी पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे टाके आहेत की कोंबडीनं उकरलंय?" असं म्हणत त्यांनी ती उसवली आणि नव्यानं, बारीक टाक्यात, अगदी निगुतीनं शिवून दिली.

त्यांचा एक शिरस्ता होता. दुरुस्त केलेला कपडा अंगावर चढवून पाहिल्याशिवाय बाहेर जायचा नाही, आणि खिसा असेल तर त्यात वजन घालून पाहायचं. पिशवी लिंबाएवढी होती. त्यांनी तिच्यात दोऱ्याचा घट्ट गुंडा सरकवला, झगा चढवला आणि शिवण ओढते का हे बघायला हात अंगाशी आवळला.

"अगं, बाही मनगटाशी धर जरा. टाचणी लावायचीय."

सुनेनं बाही धरली. गेल्या दोन आठवड्यांत तिच्या बोटांना खोडच लागली होती. मनगट दिसलं की ती नाडीवर जायची.

"आई, तुमची नाडी लागत नाहीये."

"मग हे बोलतंय कोण?"

"थांबा. हात वर करा. आता लागतेय. खाली घ्या, आवळा." सुनेचा आवाज बदलला. "गेली."

तीनदा केलं, तीनदा तसंच झालं. सासूबाईंनी पिशवीतून गुंडा काढला आणि तळहातावर ठेवून पाहत राहिल्या.

"काखेतून हाताकडे रक्ताची नळी जाते," सून म्हणाली. "ती दाबली की मनगटातला ठोका जातो. हृदय आपलं चालूच असतं. पाण्याच्या पाइपावर पाय दिला, म्हणून टाकी का रिकामी होते?"

सासूबाईंनी गुंडा मुठीत आवळला. मग म्हणाल्या, "आणि मी त्याची पिशवी चांगली मजबूत करून दिली." त्यांनी झगा उतरवून त्याची घडी घातली. "उद्या दवाखान्यात किती वाजता पोचायचंय?"

गुरुवारी टेबलावर, क्ष-किरण बाळापर्यंत जाऊ नयेत म्हणून, सुनेच्या पोटाभोवती शिशाचं जड कापड गुंडाळलं, उजव्या कुशीखाली उशी दिली, डाव्या खांद्याखालची जागा बधिर केली. ती जागीच होती. मध्येच बाळानं लाथ मारली.

"हरकत नोंदवली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काम थांबणार नाही."

पडद्यावरचा छत्तीसचा आकडा सत्तरवर गेला. कित्येक दिवसांनी तिच्या पायांना ऊब आली.

आत बसवलेली तार हलू नये म्हणून सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. सासूबाईंनी पुढून उघडणारे, डाव्या खांद्यावर बटणं असलेले चार गाऊन शिवले. नवऱ्याकडे वेणी आली. पहिल्या दिवशीची पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही वेणी आहे की घाटाचा रस्ता?" त्यानं निमूट सोडली, पुन्हा घातली. पंधरा दिवसांत त्याचा हात बसला. शिष्य झग्यासाठी तीन खेपा घालून गेला. तिन्ही वेळा त्याला एकच उत्तर मिळालं, "मी स्वतः आणून देईन."

चौथ्या रविवारी हॉल पुन्हा गच्च. गुरू दुसऱ्या झग्यात. "या, कुणीही या," म्हणताच सासूबाई उठल्या. मागे सून, डावा हात जपत.

"गुरुजी, आज हात वर करून थांबवा."

"माते, शक्ती खाली वाहते..."

"माझ्या सुनेला हात वर करायला डॉक्टरांची मनाई आहे. तुम्हाला कुणाची?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. गुरूंचा हात अंगाला चिकटला तो चिकटलाच. सासूबाईंनी पिशवीचा झगा उलटा करून सगळ्यांना मुंढा दाखवला, दोऱ्याचा गुंडा काखेत धरला आणि पहिल्या रांगेतल्या चौघांना स्वतःचं मनगट दिलं. चौघांनीही मान डोलावली: थांबली. त्यांनी हात सैल केला. चालू झाली.

"यात मंत्र कुठला? मी आता बोलतच होते ना? मेले असते का बोलता बोलता?"

एक म्हातारे गृहस्थ उठले. "पण यांच्या सांगण्यावरून मी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात."

"आज इथून निघालात की आधी डॉक्टरांकडे जा," सून म्हणाली. मग तिला राहवेना. "दुकानात मी गिऱ्हाइकाला विचारते, एक बरं की दोन? दोन्ही काचा लावून बघितल्याशिवाय नंबर काढत नाही. तुम्हीही तेवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला की म्हणा, आता हात वर करून दाखव, झगा काढून दाखव, मी सांगतो तसं दाखव. खरं असेल ते पारखून घेतल्यानं मोडत नाही."

"आणि बोटांना कळलं म्हणजे सगळं कळलं असं समजू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी समजले होते. ही जाता जाता वाचली."

खुर्ची कधी रिकामी झाली, ते कुणी पाहिलंही नाही.

सहा आठवडे संपले त्या सकाळी सुनेनं खिडकीशी उभं राहून डावा हात हळूहळू डोक्याच्या वर नेला. सासूबाई मशीन सोडून आल्या, टाचा उंचावून तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजत राहिल्या.

चालू होती.