मोबाइलवरचं ‘येतो’

“त्यो येतो म्हणलाय! मी माज्या कानानं ऐकलंय,” अंजनाबाईंनी रिसीव्हर विष्णुपंतांच्या हातात दिला आणि पदर खोचला.

“आगं, तसं न्हाई ते,” नाथाजी बायकोला म्हणाले. “आपण फोन खाली ठिवतो, म्हणून ‘ठेवतो’ म्हणतो. त्येच्या मोबाइलला ठिवायला काय हाय? खिशात घालायचा. मग काय म्हणंल? दारातनं जाताना म्हणतोय तसं ‘येतो’ म्हणला.”

“आमचा सुमंतही पुण्याहून असंच म्हणतो,” विष्णुपंत दुकानाच्या गल्ल्यावरून म्हणाले. “म्हणून काय रोज कुंडलला येतो?”

“आईला येतो म्हणायचं आन् यायचं न्हाई, आसलं पोरगं न्हाई माजं!” असं म्हणून अंजनाबाई तरातरा घरी गेल्या.

त्यांचा मुलगा जयराज कुपवाडला एका कारखान्यात होता. मालकानं नुकताच मोबाइल दिला होता, तेवढा नंबर कळवायचं निमित्त करून त्यानं आज दुकानात फोन केला. गेल्या वर्षी क्रांतीशी परस्पर लग्न लावून तो दारात उभा राहिला, तेव्हा ‘ही माज्या घरात नगं’ असं अंजनाबाईंनी तोंडावर सुनावलं होतं. तो तसाच मागं फिरला. तेव्हापासून त्याचा आवाज आज पहिल्यांदा कानावर पडला. बोलणं तरी काय, तर तब्येत, ऊस आणि म्हैस.

नाथाजी पंपांचे मेकॅनिक. जळलेली मोटर खोलून ती का जळली हे ते सांगत, पण बायकोच्या मनात काय चाललंय याचा थांगपत्ता त्यांना उभ्या जन्मात लागला नव्हता. दुपारी जेवायला आले तर अंगण सारवलेलं आणि पाट्यावर पुरण. त्यांना भाकरी गोड लागेना. संध्याकाळी हिचं तोंड उतरलेलं बघायची त्यांची छाती नव्हती. तंबाखू आणतो म्हणून ते उठले, ते थेट दुकानात.

“आरं, कवा निघालास?”

“कुठं, आबा?”

नाथाजींनी रिसीव्हर तोंडाजवळ ओढला. “घरी रं. आई वाट बघतीया. येतो म्हणलास न्हवं?”

पलीकडं कारखान्याचा खडखडाट हळूहळू लांब गेला. त्या काळी मोबाइलवर ऐकणाऱ्यालाही पैसे पडत, तरी पोरगं फोन बंद न करता बाहेर मोकळ्यावर आलं.

“आबा, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो हुतो.”

“मला ठावं हाय. पर तिनं पुरण घातलंय. ये की गड्या.”

“एकटा न्हाई यायचो.”

नाथाजींनी विष्णुपंतांकडं बघितलं. विष्णुपंत मन लावून डाळ निवडत होते.

“दोघंबी या,” नाथाजी म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावर आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं.

घरी सांगायचा धीर झाला नाही. दिवेलागणीला दारात गाडी थांबली. मागून क्रांती उतरली आणि कुडापाशीच उभी राहिली. पुढं यावं की नाही, हे बिचारीला कळेना.

“आगं, त्या दोघांना मीच—” नाथाजी बोलू लागले.

“सरा तिकडं!” अंजनाबाई हातात भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं.

नाथाजींनी हळूच कबूल केलं, “मी फोन केला हुता. त्यो काय येणार न्हवता.”

“ठावं हाय. येतो म्हंजे ठेवतो, येवढं मला कळत न्हाई व्हय? मीच नगं म्हणलेली सून मीच कुठल्या तोंडानं बोलवू? आन् तुमाला तर सरळ सांगून आजवर कवा काय उमगलंय?”

नाथाजींना एवढं हसू आलं की खांबाला धरावं लागलं. छातीवरचा धोंडा उतरला होता.

अंजनाबाईंनी क्रांतीचा हात धरून तिला सरळ चुलीपाशी नेलं. “गूळ कमी पडलाय का बघ गं.”

बापलेक बाहेर ओट्यावर टेकले. आत दोघी काय बोलत होत्या ते काही नीट ऐकू येत नव्हतं. भांडत मात्र नव्हत्या.