चाळीस सेकंद मागचा देव

माझी मुलगी नूपुर परळच्या एका काचेच्या ऑफिसात दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघते आणि त्याचा पगार घेते. व्हिडिओ सुरू व्हायला किती वेळ लागला, मध्येच कुठे गोल गोल फिरत बसला, चित्र कधी फुटलं, हे सगळं ती मोजते. मी हेच करत बसले असते तर घरात म्हटलं असतं, हिला दुसरे धंदे नाहीत.

आमचे हे, म्हणजे जयवंत, त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. नायगावच्या चाळीतला जिना उतरायचं म्हटलं की तोंड कडू होतं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळवायला मी किती चपला झिजवल्या ते माझं मला ठाऊक. शेवटी एका सोमवारी सकाळी पुढच्या आठवड्यातला मंगळवार मिळाला. येणार की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर नंबर दुसऱ्याला. आणि ह्या माणसाने काय काढावं?

"देवाक इचारल्याशिवाय मी गुडघे कापून घेवचंय नाय."

आमच्या गावच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा देवाचा कौल. आता मुंबईकरांसाठी कमिटीने तिथे कॅमेरा लावलाय. फोनवर गुरवाला प्रश्न सांगायचा, फोन ठेवायचा आणि कौल टीव्हीवर बघायचा.

त्याच दुपारी ह्यांनी फोन लावला. टीव्ही आणि फोन दोन्हीकडून आवाज यायला लागला म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला. ह्यांनी प्रश्न सांगितला. गुरव "बघा" म्हणाला. ह्यांनी फोन ठेवला आणि लगेच टीव्हीवर डावी पाकळी टपकन पडली.

"देवान नाय म्हटल्यान," हे म्हणाले आणि टीव्ही बंद केला. तोंड बघायचं होतं, परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखं. वर आणखी, "नलू, चहा टाक, आलं घालून." माझं डोकंच सरकलं. देवाशी भांडता येत नाही म्हणून मी भांडी आपटत बसले.

संध्याकाळी नूपुर आली. तिने चप्पल काढायच्या आत मी सगळं भडाभडा सांगितलं.

"पाकळी किती वेळाने पडली?" तिने विचारलं.

"फोन ठेवल्या ठेवल्या."

"एवढ्यात गुरवकाकांचं गाऱ्हाणं घालून झालं?"

आमचा गुरव गाऱ्हाणं घालायला लागला की देवालाही जांभई येत असेल.

"आई, लाइव्ह म्हणजे लगेच नव्हे गं," नूपुर म्हणाली. "तिथलं चित्र इथे पोचायला वेळ लागतो. आमच्या ऑफिसात दिवसभर ह्याच्यावरच मारामारी असते. थांब, मोजूनच बघू."

तिने टीव्ही लावला आणि गुरवाला फोन केला. "काका, जरा घंटा वाजवा." फोनमध्ये घंटा खणखणली. टीव्हीवर मात्र गुरव निवांत कान खाजवत बसलेला. नूपुरच्या मोबाइलवर सेकंद पळत होते. चाळीस झाले तेव्हा कुठे त्याने टीव्हीत हात वर केला आणि घंटा वाजवली.

"दुपारी बघितलात तो बाबांचा कौल नव्हताच," ती म्हणाली. "त्यांच्या आधी ज्याचा फोन लागला, त्याचा होता."

तिने देवळाच्या चॅनलवर साठलेलं दुपारचं रेकॉर्डिंग मागे नेलं आणि आवाज चालू केला. गुरव गाऱ्हाणं घालत होता. शीवच्या कोंडीरामाचा मेव्हणा कायमचा राहायला येतो म्हणतोय, त्याला घरात घ्यायचा काय? टपकन डावी पाकळी पडली. कोंडीरामाने मात्र त्याच्याही आधीच्या कोणाचा तरी कौल बघितला असणार. तो उजवा असला, तर मेव्हण्याची बॅग एव्हाना पलंगाखाली गेली असेल बिचाऱ्याच्या.

"बाबा, आता तुमचा," नूपुर म्हणाली. "जो येईल तो मानायचा."

ह्यांनी मान हलवली. मी मनातल्या मनात देवाला दम भरला. खरंच डावा निघाला असता तर मला बोलायला काही उरलं नसतं, आणि हे जन्मभर खिडकीत बसून राहिले असते. गुरवाचं संपता संपेना. शेवटी एक पाकळी हलली, घसरली आणि पडली. उजवी.

"परत मोज," हे म्हणाले.

नूपुरने गुरवाला परत घंटा वाजवायला लावली. परत चाळीसच. रेकॉर्डिंग परत लावलं. परत उजवीच.

"आजून एकदा."

"बाबा, आता गुरवकाका फोन उचलणार नाहीत."

तेव्हा कुठे मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. ह्यांचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून बसले होते.

"माका भीती वाटता गो," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं ते झापायला. निघालं भलतंच.

"माका पण," मी म्हटलं.

दोघंही हसलो, का ते विचारू नका. नूपुरने हॉस्पिटलला येतो म्हणून कळवून टाकलं.

त्या मंगळवारी जिना उतरताना हे पोरीलाही हात लावू देईनात. प्रत्येक पायरीवर एकच, "नलू, धर." मी धरत होते.