रक्ताची दुसरी वाट

हिरामणचा हात सारखा पाठीकडे जायचा आणि दर वेळी गोदूबाई हातातलं काम सोडून बघत राहायची. तीन वर्षांपूर्वी जांभूळ गावच्या शेतात भेंडी तोडताना अशीच पाठीत कळ आली होती आणि माणूस आडवा झाला होता. छातीतून पोटाकडे उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं होतं. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून आत स्टेंट बसवला, म्हणून जीव वाचला. दरवर्षी स्कॅन करायचा, असं त्यांनी बजावलं होतं. यंदा हिरामणने तो चुकवला.

"मना काय नाय झाला," तो म्हणाला.

"मंग हात कशाला जातो पाठीवं?"

गोदूबाईने रिक्षा बोलावली आणि आधी स्वतःच जाऊन बसली. कुरकुरत तोही आला.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर प्रीती स्कॅनची चित्रं बराच वेळ पुढेमागे करत राहिल्या.

"स्टेंट आहे तिथे चांगलं भरून आलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण खाली, फाटलेल्या अस्तरातून रक्ताने दुसरी वाट केलीय, ती उघडीच आहे. तिथे नस फुगतेय."

"किती वर्सं काढीन मी?"

"वर्षं नाही सांगता येत, काका. फुगण्याचा वेग तेवढा दिसतो, आणि तो चांगला नाही. फुटली तर इथवर पोचायलाही वेळ मिळायचा नाही. खालपर्यंत आणखी स्टेंट बसवला, तर बरीच वर्षं निघू शकतात. पण कण्याचं रक्त अडून पाय लुळे पडायची भीती असते. थोड्यांनाच होतं, पण होतं."

हिरामणने बायकोकडे बघितलं. "पाय गेले तर तुझ्यावं भार."

"तुमी जित्ते रहा. भाराचं मी बघीन."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. हिरामण शुद्धीवर आल्यावर नर्सने त्याला पाय हलवायला सांगितलं. डावा हलला. उजवा ढिम्म.

डॉक्टर धावत आल्या. कण्याला रक्त पोचावं म्हणून रक्तदाब वाढवायचं औषध लावलं, कण्याभोवतीचं पाणी काढून दाब उतरवायला पाठीत नळी घातली. "आता वाट बघायची," म्हणाल्या. गोदूबाई उजव्या तळव्याला हात लावून बसली. पाय गार होता. दुपार गेली. चहा आला, तसाच निवला.

संध्याकाळी अंगठा तिच्या बोटावर टेकला. तिला वाटलं, भास झाला. तिने तळव्यावरून नख फिरवलं.

"गुदगुल्या नको करू," हिरामण पुटपुटला.

तिने पाय घट्ट धरला, सोडेचना.

हिरामण चालू लागला, हातातली काठी मात्र कित्येक महिने सुटली नाही. नव्या स्कॅनमध्ये फुगवटा थांबलेला दिसला. पुढे किती वर्षं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि हिरामणनेही विचारलं नाही.