सरकारी साखरमका

हे मी लिहिणारच नव्हतो. आमच्या चकलांब्यात अजून अशी घरं हायत, ज्यांच्या पणज्यानं तो मका खाल्ला होता, आन् तो साखरेसारखा गोड होता असं ती घरं आजबी छातीवर हात ठेवून सांगतात. त्यांच्याशी कोण भांडत बसणार? दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग म्हटलं, जाऊ दे, खाऊ शिव्या.

तर निजामाचं राज्य होतं. दसरा नुकताच झालता. तहसीलदारसाहेब घोड्यावरून गावात आले आन् थेट आश्रुबाच्या परसात जाऊन थांबले. आश्रुबा म्हणजे गावातला सगळ्यात लहान खातेदार. घरामागं चार वाफे, पण त्यातली वांगी अशी, की पाहुण्याला वाटावं कुणी तेल लावून टांगलीत. मागल्या दौऱ्यात साहेबांनी ती वांगी टोपलीभर नेली होती. फुकटच नेली, पण चव ध्यानात ठेवली. साहेब लोकांचा एवढा मोठेपणा पुष्कळ झाला.

साहेबांनी खिशातून रेशमी रुमालाची पुरचुंडी काढली.

"विलायती शक्कर मका हाय, आश्रुबा. हैदराबादेत आमच्या दोस्ताच्या बागेतला. संक्रांतीच्या सुमाराला अव्वल तालुकदारसाहेब दौऱ्यावर येतायत. त्यांच्या पुढ्यात ह्याची कणसं पाहिजेत. खराब नक्को करना."

अव्वल तालुकदार म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा धनी. आश्रुबानं पुरचुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरली, भीतीनं आन् आशेनंबी. कारण त्याचं एक भांडण त्याच तालुकदारापुढं निघणार होतं. घरामागची विहीर त्याची आन् चुलतभाऊ आप्पारावाची, दोघांची. काही दिवस ह्याची मोट, काही दिवस त्याची. आज्यापासून चालत आलेली पाळी. यंदा आप्पारावाला अचानक साक्षात्कार झाला, की पाणी शेतासाठी असतं, परसासाठी नसतं. तवा आश्रुबाची पाळी बंद व्हावी. पाळी गेली की परस गेलं. परस गेलं की आश्रुबा गेला, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. भांडायलाबी न्हाई.

"मका ग्वाड निघाला तर पाळी राहती," तो बायकोला म्हणाला. "न्हाई निघाला तर आप्पारावच्या उसात खुरपं घेऊन बसायचं, मी बी आन् तू बी."

केसरबाईनं पुरचुंडी हातातून घेतली. "द्या हिकडं. बी निवडून ठिवते."

घात इथंच झाला. केसरबाईच्या बी निवडण्याला गावात तोड नव्हती. ती सूप घेऊन बसली की पोचट दाण्याची छाती नव्हती सुपात राहायची. शेजारणी आपलं बी घेऊन तिच्या ओट्यावर रांग लावायच्या. तिनं पुरचुंडी सुपात ओतली आन् तिला धक्काच बसला. एकूण एक दाणा सुरकुतलेला, वाळल्या बोरावानी. एवढा मोठा साहेब, एवढा भारी रुमाल, आन् आत हे! तिला साहेबाचीच लाज वाटली. नवऱ्याला सांगावं तर तो झोपेतसुद्धा मका बडबडायला लागलेला. तिनं गुपचूप ते सरकारी बी कोंबड्यांपुढं टाकलं, चुलीवर आढ्याला धुरात टांगलेली स्वतःची कणसं काढली, टपोरे दाणे सोलले आन् रुमालात बांधून ठेवले. हैदराबादची साखर कोंबड्यांनी खाल्ली. अंडी काय गोड झाली न्हाईत.

आश्रुबानं ते दाणे असे पेरले, जसं काही लेक सासरी धाडतोय. राखाडी काय, शेणखत काय, पाखरं हाकायला स्वतः उभा काय. मका कंबरेला लागला आन् परसात जत्रा भरली. पोलीस पाटील सुंदरराव रोज सकाळी दातण करत यायचे. एक दिवस त्यांनी पान तोडून चघळलं, डोळे मिटले.

"आश्रुबा, पाल्यातच साखर हाय बग. कणसात तर पाकच असंल."

म्हशीनं तो पाला खाल्ला असता तर तिनं खरं काय ते सांगितलं असतं. पण म्हशीला कुणी विचारलं न्हाई, आन् म्हशीला पाटीलकी टिकवायची नव्हती.

पाटील म्हणाले म्हणून गाव म्हणालं. मक्याच्या बाजूनं वारा आला की माणसं नाक वर करायची, "आहाहा, कसा ग्वाड वास सुटलाय." वास शेणखताचा होता.

कणसाला केस फुटले तेव्हा तहसीलदार बघायला आले. खूश झाले. घोड्यावर बसता बसता म्हणाले, "बी सुरकुतलेलं बघून घाबरला असशील, ना? शक्कर मक्याचं बी ऐसाच रहता. दाण्यातली साखर सुकली की दाणा आकसतो. वोच उसकी निशानी."

"जी हुजूर," आश्रुबा म्हणाला आन् त्याचं हसू ओठावरच वाळलं. त्यानं पेरलेला दाणा तर टपोरा होता. चांगला ध्यानात होता, एकेक बोटानं पुरला होता.

घोडा वळला तसा आश्रुबा घरात शिरला.

"केसर, बी कसं व्हतं गं?"

"कोणतं? साहेबाचं का आपलं?"

"म्हंजे दोन व्हती?"

"साहेबाचं समदं पोचट. कोंबड्यांस्नी टाकलं. तुमाला घरचं दिलं, एकदम नामी."

आश्रुबानं दारातून परसातल्या कोंबड्यांकडं बघितलं. "कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटतंय व्हय मला?"

केसरबाईला आपली चूक अजून कळली नव्हती. "उगवलं न्हाई का?" ती म्हणाली. "एक दाणा तरी वाया गेला का? सांगा की."

एकबी दाणा वाया गेला नव्हता. तीच तर रड होती.

उमापूरच्या बाजारात आश्रुबा सरळ जलालुद्दीनच्या पेरूच्या ढिगाशेजारी जाऊन बसला. जलालुद्दीन बागवान त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची वांगी विकायचा, आन् वर सल्ले द्यायचा.

"काय बे, तोंड कावून असं? घरात कोण मेलं का?"

"अजून न्हाई. संक्रांतीला मरणार हाय. मी."

आश्रुबानं सगळं सांगितलं. जलालुद्दीन ऐकता ऐकता हसून आडवा झाला, चार पेरू ढिगावरून घरंगळत गेले.

"सरकारी बी कोंबड्या खा गये? अरे, कोंबड्यांना धरून न्हेतील बे, बेड्या घालून!"

"गंमत वाटती तुला. माझी पाळी जाती."

"बरं, रडू नक्को. गाव काय म्हणतंय?"

"पाटलानं काल कवळं कणीस न्हेलं. म्हणला, मिश्री, खडीसाखर. तवापासून सगळे मिश्री म्हणतेत. ज्यानं खाल्लं न्हाई त्यो जास्त म्हणतो."

"मंग झालं की! तालुकदार बी म्हणंल."

"त्यो हैदराबादचा हाय, जलाल. त्यानं असल खाल्लेला असंल. एका दाण्यात वळखील."

जलालुद्दीननं एक पेरू बाहीला पुसला, परत ठेवला. त्याच्या डोक्यात काही शिजायला लागलं की तो असंच करायचा.

"गूळ," तो म्हणाला. "गुळाच्या पाण्यात उकडायचं. आत मुरलं पाहिजे, दाण्यादाण्यात. मी स्वतः येतो माझी डेग, मोठं पातेलं घेऊन. ऐसा मका खिलाता, के साहेब हैदराबाद भूल जाता."

बुडत्याला गूळसुद्धा काडीसारखा दिसतो. आश्रुबा हो म्हणाला.

तालुकदाराचा डेरा ओढ्याच्या काठी आमराईत पडला. सगळं गाव धुतलेल्या पटक्यात हजर. पितळी परातीत गुळात न्हालेली कणसं चमकत होती, मुंग्यांची पहिली तुकडी केव्हाच पोचली होती. परातीमागं डेग धरून जलालुद्दीन, त्याच्यामागं आश्रुबा. तहसीलदारानं झुकून सलाम केला.

"हुजूर, आपके वास्ते खास शक्कर मका. शहदसे मीठा."

तालुकदार म्हणजे वाळकुंडा म्हातारा माणूस. त्यानं परातीकडं असं बघितलं, जसं उपाशी मांजर उंच शिंक्याकडं बघतं. मग उसासा टाकला.

"हमको शक्कर की बीमारी है, तहसीलदारसाब. हकीमनं गोड बंद केलंय. पुरं साल हो गया. हटाव."

तहसीलदाराचं तोंड उकडल्याबिगर पांढरं पडलं. परात हटली. आन् साहेबांचा मिजाज जो बिघडला, तो बिघडलाच. अशा मिजाजात त्यांनी पुढचं काम मागितलं. पुढचं काम विहिरीचं होतं.

आप्पाराव हात जोडून पुढं. "हुजूर, माझं शेत हाय, ऊस हाय. ह्याचं काय, घरामागं शौकाची बाग. शौकाला पाणी कावून द्यावं?"

"बराबर," तालुकदार म्हणाला. "शौक के वास्ते पानी नहीं मिलता."

निकाल लिहिणाऱ्या पेशकारानं टाक दौतीत बुडवला. आश्रुबाला त्या टाकाच्या टोकावर आपली विहीर दिसली, एका थेंबाएवढी. त्याला दुसरं काही सुचलं न्हाई. जे खरं होतं ते तोंडातून पडलं.

"हुजूर, त्या मक्यात साखर न्हाई!"

आन् त्यानं जलालुद्दीनकडं बोट केलं.

"म्हंजे हाय, पर ती गुळाची. हा जलाल बागवान, ह्यानं उकडला. मका आपला घरचा. तहसीलदारसायबाचं बी कोंबड्यांनी खाल्लं. माझ्या बायकूनं टाकलं, पोचट समजून. हुजूर, परसात अजून उभा हाय, साधा, गावठी. गोड न्हाई, काय न्हाई. आत्ता भाजून आणतो. हकीमसायबाला कळायचंबी न्हाई."

पहिला हलला चपराशी. त्यानं जलालुद्दीनची गचांडी धरली. "हुजूरला गूळ चारतो बे? बीमार आदमी को?" जलालुद्दीनला तिथंच सगळ्या गावापुढं कान धरून उभं केलं. डेग त्याच्या पायाशी. तो आश्रुबाकडं असं बघत होता, की त्यापेक्षा चपराशी बरा.

"भून के लाव," तालुकदार म्हणाला.

आश्रुबा पळाला. केसरबाईनं कणसं निखाऱ्यावर टाकली, वरून मीठ, लाल तिखट, लिंबू चोळलं. तालुकदारानं पहिलं कणीस खाल्लं तेव्हा कुणी श्वास घेतला न्हाई. दुसरं मागितलं तेव्हा सगळ्यांनी घेतला. तिसऱ्याला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाचं का सुखाचं, सांगता येत न्हाई.

"आप्पाराव," हनुवटीवरची काळी राख पुसत साहेब म्हणाले, "ऊस तुम्हारा है?"

"जी हुजूर!"

"ऊस का मैं क्या करूं?" साहेबांनी रिकामं कणीस टाकलं. "पाळी जैसी थी वैसीच रहेगी. मैं अगले साल फिर आऊंगा."

न्याय झाला. पोटातून निघाला, पण झाला. ह्या राज्यात डोक्यातून निघालेला न्याय आमच्या गावानं तोवर बघितलाच नव्हता, त्यामुळं फरक कुणाला कळला न्हाई. सुंदरराव पाटील लगेच म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं व्हतं, ह्यात साखर न्हाई. पर म्हटलं, कावून बोला." आन् जाता जाता गुळातली दोन कणसं धोतराच्या सोग्यात बांधून घेतली.

दिवस मावळायला आश्रुबा जलालुद्दीनला उमापूरच्या वाटेला लावायला निघाला. डेग आश्रुबाच्या डोक्यावर. जलालुद्दीनचे कान अजून लाल होते.

"जलाल, बोल की."

"क्या बोलूं? तुझी पाळी राहिली. मुबारक. माझे कान राहिले, तेबी मुबारक."

"तोंडातून निघून गेलं रं."

"निकल गया? नाव के साथ निकल गया! 'हा जलाल बागवान, ह्यानं उकडला.' बाप का नाम कावून सोडलास? गल्ली बी सांगायची!"

आश्रुबाला हसू आलं. त्यानं ते खोकून लपवलं. जलालुद्दीनला दिसलं, आन् तोबी फसकन हसला, मग परत रागावला, कारण राग अजून शिल्लक होता.

"हस, हस. पर एक वचन दे. आज, इथंच."

आश्रुबानं डेग खाली ठेवली आन् दोस्ताच्या हातावर हात मारला.

"आईची आन, जलाल. पुन्यांदा कधी साहेबापुढं खरं बोलायची उबळ आली, तर आधी तुला इशारा करीन. तू वढा वलांडून, वेशीपल्याड जाऊन, पार उमापुरात तुझ्या घराला कडी लावूस्तवर दात घट्ट दाबून बसंन. मंगच तोंड उघडंन."

"आन् पाळी हातची चालली असंल तर?"

आश्रुबानं जरा इचार केला.

"तर तू जोरात पळ."