आठ जणींचा फलक

"पहिली म्हणे! पहिली!"

तिनं स्पर्धेची रंगीत पुस्तिका गटिंगच्या मशीनवर आपटली. मशीनमध्ये अडकवलेली रॅकेट हादरली आणि अर्ध्या ओवलेल्या तारा लोंबत राहिल्या. समोर उभी असलेली पोरगी दचकून एक पाऊल मागे सरली.

"काय झालं मावशी? माझ्या रॅकेटला काही झालं का?"

"तुझ्या रॅकेटला काय धाड भरलीय! हे वाच. मोठ्यानं वाच."

पोरीनं वाचलं. "आज दुपारी चार वाजता आपल्या क्लबला मिळणार इतिहासातली पहिली महिला विजेती." वाचून ती थोडी लाजली. चार वाजता फायनल खेळणाऱ्या दोघींपैकी एक ती स्वतःच होती. मोठ्या स्पर्धेची फायनल ती पहिल्यांदाच खेळत होती.

"मग यात चुकलंय काय मावशी?"

"तुझं काही नाही गं चुकलं. ताण तेवीस किलोच म्हणालीस ना? जा, तासाभरानं ये."

पोरगी गेली आणि मावशी मशीनला टेकून उभी राहिली. तिला क्लबातले सगळेच मावशी म्हणत. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या या तळघरात ती एकोणीस वर्षं रॅकेटच्या तारा ओढत होती. उभ्या सोळा, आडव्या एकोणीस. प्रत्येक रॅकेटला एक पांढरी पट्टी चिकटवायची, त्यावर खेळाडूचं नाव आणि ताणाचे किलो लिहायचे, की काम संपलं. मोठमोठे खेळाडू येऊन नुसत्या बोटानं तार छेडून बघत आणि मान डोलावून जात. एकदाही कुणाची रॅकेट परत आली नव्हती.

आणि त्याआधी, बावीस वर्षांपूर्वी, ती या क्लबाची विजेती होती. याच स्पर्धेची, याच कोर्टवर.

आता यातली मेख अशी, की टेनिसमध्ये स्पर्धांची उतरंड असते. सगळ्यात वर त्या चार, ज्या टेनिसमधलं ओ की ठो न कळणाऱ्यांनाही ठाऊक असतात. त्यांच्याखाली हजाराच्या, मग पाचशेच्या, मग अडीचशेच्या. विजेतीला जितके गुण मिळतात, तितक्याची ती स्पर्धा. आणि पार तळाशी त्या बारक्या स्पर्धा, जिथं खेळाडूच आपले चेंडू गोळा करतात आणि बघायला कुणाचा तरी मामा आलेला असतो. इथली स्पर्धा त्या तळातली होती. आठ वर्षं चालली, आठ जणी जिंकल्या, आणि बंद पडली. मावशीचं कोपर त्याच सुमारास गेलं आणि ती कोर्टवरून तळघरात आली. यंदा नव्या पायऱ्या बांधल्या, नवे दिवे लावले आणि स्पर्धा परत आली, ती एकदम अडीचशेची होऊन. मावशीनं क्लबातल्या पोरींना स्वतः पेढ्यासारखी ही बातमी वाटली होती.

ती तरातरा जिना चढून वर गेली. चिटणिसांच्या खोलीच्या दाराशेजारी लाकडी फलक असायचा. त्यावर पिवळ्या रंगात आठ वर्षं आणि आठ नावं. पाचवं तिचं. रोज सकाळी आत येताना ती त्या फलकाकडे नजर टाकायची, घरातून निघताना कुलूप ओढून बघावं तशी. सकाळी तो जागेवर होता. आता तिथं स्क्रूची चार भोकं होती आणि भिंतीवर एक उजळ चौकोन.

चिटणीस फोनवर बोलत होते. तिनं ते संपण्याची वाट पाहिली नाही.

"साहेब, फलक कुठाय?"

"अहो बाई, आज फायनल आहे. उद्या बोलू."

"पुस्तिकेत पहिली विजेती लिहिलंय ते आज. मग बोलायचं उद्या कसं?"

चिटणिसांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत आले की ते चष्मा पुसत. "हे बघा, हा माझा निर्णय नाही. वरून कागद आलाय. दर्जा बदलला की ती नवीन स्पर्धा धरतात. जुन्या नोंदी वेगळ्या वर्गातल्या. त्या इथं मिसळता येत नाहीत."

"मिसळू नका की! खाली रेघ मारा आणि वर लिहा, बारक्या स्पर्धेच्या विजेत्या. पण लिहा तर खरं!"

"टीव्हीवाले आहेत, जाहिरातदार आहेत. त्यांना स्वच्छ सुरुवात हवीय."

"म्हणजे आम्ही आठ जणी घाण का?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"तुम्ही स्वतः रेषेवर पंच म्हणून बसला होतात साहेब! शेवटचा चेंडू मी रेषेवर टाकला, तो आत आहे म्हणून तुम्हीच हात दाखवलात. तो सामना झालाच नाही म्हणता? मग मी हरवलं कुणाला? भिंतीला?"

पुसून झालेला चष्मा चिटणिसांनी पुन्हा पुसायला घेतला. तिला तो त्यांच्या हातातून हिसकून घ्यावासा वाटला. इतका संताप तिला कोपर गेलं तेव्हाही आला नव्हता.

खाली आली तर फोन वाजत होता. सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि आज टीव्ही त्यांच्या पायथ्याशी आणून ठेवला होता.

"अगं, शेजारच्या दोघींना चहाला बोलावलंय मी. म्हटलं, सामन्याआधी जुन्या विजेत्यांची नावं घेतील, तेव्हा आमच्या सुनेचं नाव ऐका. किती वाजता घेतील गं?"

"आई, नाही घेणार बहुतेक."

"नाही कशी घेणार? जिंकलीस ना तू?"

"जिंकले होते."

"मग? त्यांच्या तोंडाला काय कुलूप लागलंय? दे त्या चिटणिसाला फोन, मी बोलते!"

दुसरा दिवस असता तर ती हसली असती. लग्नानंतर याच बाईनं ‘उघड्या पायांनी काय खेळायचं ते’ म्हणून चार महिने अबोला धरला होता. आणि जिंकल्यावर वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ट्रंकेत जपून ठेवलं होतं तेही यांनीच.

फोन ठेवून तिनं रॅकेट ओढली. तार ताणून, चिमट्यात धरून, पुढची. ताणून, धरून, पुढची. मनात चिटणिसाला एकेक वाक्य सुनावत होती, आणि दर वाक्याला एक तार बसत होती. सोळा उभ्या झाल्या, आडव्या झाल्या, शेवटची गाठ मारली. सवयीनं बोटानं तार छेडली.

आवाज चुकला होता. तेवीस किलोची तार अशी किणकिणत नाही.

तिनं मशीनचा काटा पाहिला. सव्वीस. सकाळी दुसऱ्या खेळाडूची रॅकेट केली होती, तिचे सव्वीस. काटा मागे आणायचाच राहिला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ही रॅकेट पोरीच्या हातात गेली असती, तर तिचा प्रत्येक चेंडू वीतभर आखूड पडला असता आणि का पडतोय ते तिला कळलंही नसतं.

"शाब्बास!" ती स्वतःला म्हणाली. "त्याच्यावरचा राग हिच्यावर काढ."

तिनं कात्री घेतली आणि नव्याकोऱ्या तारा कापायला लागली, मधोमध सुरुवात करून, फिरत फिरत बाहेर, म्हणजे चौकट वाकत नाही. चार वाजायला पस्तीस मिनिटं होती. मग तिनं डोक्यातून चिटणीस काढला, फलक काढला, सासूबाईही काढल्या आणि नुसत्या तारा ओढल्या. पोरगी आली तेव्हा पट्टीवरची शाई ओली होती. पोरीनं तार छेडून पाहिली आणि मान डोलावली.

सामना मावशीनं तळघरातूनच ऐकला. डोक्यावर माणसांचे पाय आपटत होते. चेंडूच्या आवाजावरून तिला सगळं कळे. पहिला सेट पोरीनं घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात पाच-पाच झाले तेव्हा मावशी जिन्यात येऊन उभी राहिली. आणि मग वर एकदम मोठा जल्लोष झाला, पण पोरगी नेहमी ओरडते तशी ओरडली नाही.

माईकवरचा माणूस म्हणाला, "या क्लबाच्या इतिहासातली पहिली महिला विजेती!" लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फोन वाजायला लागला. तिनं उचलला नाही. घरी शेजारणींसमोर सासूबाईंचं तोंड कसं झालं असेल, ते तिला उभ्या जागी दिसत होतं.

ती कोर्टच्या मागे, माळ्याच्या खोलीत गेली. फलक सापडायला वेळ लागला नाही. दोन पिंपांवर आडवा टाकून त्याचं टेबल केलं होतं आणि वर कोर्टवरच्या रेषा मारायच्या रंगाचे डबे मांडले होते. आठव्या नावावर डब्याच्या बुडाचा पांढरा गोल उमटला होता. तिनं डबे एकेक करून खाली ठेवले, ॲप्रनच्या टोकानं गोल पुसायचा प्रयत्न केला, तो काही निघाला नाही. मग फलक डोक्यावर घेतला आणि मागच्या वाटेनं न जाता मुद्दाम पुढच्या दालनातून निघाली.

दालनात पाहुणे पेले हातात धरून उभे होते. चिटणीस लगबगीनं आडवे आले.

"बाई, अहो, पाहुणे आहेत."

"मग हळू बोला."

"कुठं नेताय तो?"

"तळघरात. तळातल्या स्पर्धेचा आहे ना? तिथं कुणाच्या नजरेत येणार नाही. आणि काढायला खाली आलात तर एकटे या, मला चारचौघांत वाईट बोलायला आवडत नाही."

चिटणीस बाजूला झाले. तिनं मशीनच्या वर भिंतीत दोन खिळे ठोकले आणि फलक टांगला. किंचित तिरका बसला. तिला बरं वाटलं, पण राग काही उतरला नाही.

उरलेल्या रॅकेटी न्यायला पोरगी आली तेव्हा उन्हं कलली होती. डोळे सुजलेले होते. मावशीनं नुसती खुर्ची पुढे सरकवली. बसल्या बसल्या पोरीची नजर फलकावर गेली.

"यात तुमचं नाव आहे मावशी!"

"आहे. पाचवं."

"तुम्ही जिंकलात? इथं? म्हणजे आजची ती पहिली नाहीच! तुम्ही बोलला का नाहीत?"

"दुपारपासून तेच करतेय गं बाई."

पोरगी उठून फलकाजवळ गेली आणि तिनं आठही नावं एकेक करून वाचली. मग वळून म्हणाली, "फायनलमध्ये समोर कोण होतं?"

मावशीचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. "डावखुरी होती. माझ्यापेक्षा वीतभर उंच. सर्व्हिसच्या आधी चेंडू चार वेळा आपटायची, ना तीन ना पाच. बॅकहँड असा, की बघत राहावं. वारा सुटला होता, पहिला सेट तिनं घेतला, दुसऱ्यात मी दोन मॅच पॉइंट वाचवले. पंचवीस किलोची रॅकेट होती तिची, मी हातात घेऊन पाहिली होती. हरल्यावर नेटपाशी आली, माझा हात धरला आणि म्हणाली, कोपर जप."

"नाव काय तिचं?"

मावशीनं आठवून पाहिलं. चेहरा आला, निळा शर्ट आला, मनगटावरचा पट्टा आला. नाव येईना. "थांब हं," ती म्हणाली आणि घरी फोन लावला. सासूबाई चिटणिसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या तयारीत होत्या, पण तिनं मधेच तोडलं.

"आई, ट्रंकेतलं कात्रण बघायला सांगा ना यांना. मी जिच्याशी खेळले तिचं नाव असेल त्यात."

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. नवऱ्याचा आवाज, ट्रंकेचं झाकण, कागदाची सळसळ. मग सासूबाई म्हणाल्या, "नाही गं त्यात. तुझा फोटो आणि तुझं नाव, तेवढंच कापलं होतं मी. बाकीचं कशाला ठेवू म्हटलं."

"बरं," मावशी म्हणाली.

पोरीनं पिशवी खांद्याला लावली, पण ती निघेना. मावशी फलकासमोर उभी होती. दिवसभर जो राग चिटणिसावर होता तो आता कुणावर काढावा, ते तिला कळेना. बावीस वर्षं तिनं रोज सकाळी आपलं नाव पाहिलं होतं, आणि त्याच्या शेजारी कुणी नाही, हे तिला एकदाही दिसलं नव्हतं.

तिनं खणातून एक पांढरी पट्टी काढली, रॅकेटला लावतात तसली. वर नावाची जागा, खाली किलोची. पेनाचं टोपण काढून ती थोडा वेळ थांबली. मग खालच्या ओळीत नीट अक्षरात ‘पंचवीस’ लिहिलं, वरची ओळ तशीच ठेवली, आणि पट्टी पाचव्या नावाशेजारी चिकटवून अंगठ्यानं दाबून बसवली.