टँकवाल्याचं स्थळ

गोजराबाई आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. गरजच पडली नाही. ती खरं तेच बोलायची, पण असं की समोरच्याला वाटावं, हिनं थोडं खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं. मखमलाबादला तिचा शेवंतीचा मळा होता, घरात तिचाच शब्द होता आणि पोटी एकच लेक, महेश. वय तिशीपार, नाकीडोळी नीटस, नाशकात द्वारका चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. स्थळाला नाव ठेवायला जागा नव्हती. तरी लग्न जमत नव्हतं, कारण येणाऱ्या सुनेची सवत आधीच घरात येऊन बसली होती.

ती सवत म्हणजे रणगाड्याचा खेळ.

आता खेळ म्हटला की माणसानं मजा तरी करावी. महेशचा खेळ बघून गोजराबाईला रडू यायचं. दुकानातून आला की कॉम्प्युटर लावायचा, खेळाचं वीतभर जाड पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि पडद्यावरचं गवत बघत बसायचं. मळ्यातलं गवत उपटायला बोलावलं की कंबर धरणारा हा गडी, ते गवत मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचा. मग लांब कुठं माशीएवढं काहीतरी हलायचं. "गनर! समोर टँक!" महेश ओरडायचा. कुठला गनर? खोलीत हा आणि भिंतीवरची पाल. मग अंतर मोज, गोळा भरायची वाट बघ, आणि तेवढ्यात पडदा काळा.

"काय झालं रे?"

"मेलो, आई."

"मरायचंच होतं तर आधी मरायचं! भाकरी तरी गरम मिळाली असती."

"अगं, खरा रणगाडा असाच असतो. धावत सुटला की मेला. बांधाआड अंग ठेवायचं, नुसतं डोकं वर काढायचं. मी आता कुठं शिकतोय."

"तीन वर्सं शिकतोय! तेवढ्यात मेंढरू कीर्तन करायला लागतं."

दोन हजार साल उलटून गेलं, पण महेश काही बांधाआडून वर आला नाही. अशात एका सकाळी फूलबाजारात ठमाबाईनं गाठलं. ठमाबाई हार गुंफता गुंफता लग्नंही गुंफायची.

"गोजराबाई, चांदवडला पोरगी हाय चांगली. तुमचा महेश काय करतो?"

आदल्या संध्याकाळी तीन हाका मारूनही महेश ताटावर आला नव्हता. तो राग अजून जिभेवर होता.

"टँक चालवतो! दुसरं काय करणार?"

"सोताचा?"

"मग काय लोकाचा? घरात उभा केलाय."

ठमाबाईचे डोळे चमकले. चांदवडकडं उन्हाळ्यात पाणी नळाला येत नाही, टँकरला येतं; आणि तिकडची माणसं टँकरला टँकच म्हणतात. ज्याचा टँक तो गावचा राजा. ठमाबाईनं ऐकला एक, चांदवडला पोचेस्तोवर त्याचे तीन झाले.

गोजराबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आधीची स्थळं महेशची ती खोली बघून चहा अर्धा टाकून गेली होती. आता भावकीत हसं व्हायची वेळ आली होती. हे चांदवडचं हुकलं तर पुढचं येईल असं तिलाही वाटत नव्हतं. म्हणून तिनं खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि महेशला दम भरला, "टँकचं नाव काढलंस तर जीभ हासडीन."

रविवारी मुलीचे वडील कोंडाजी आले. संगं ठमाबाई, आणि चक्क मुलगीही. मनीषा नाशकात मावशीकडं आलीच होती, म्हणून आणली.

"मुलगीच मुलगा बघायला आली म्हणायची," गोजराबाई म्हणाली.

"फेरा वाचतो, बाई," कोंडाजी म्हणाले आणि पोह्यांची बशी घेऊन थेट महेशकडं वळले. "मग, टँकचं कसं काय चाललंय?"

महेशनं आईकडं बघितलं. आजवर एकाही मुलीच्या बापानं त्याला हे विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला.

"बरं चाललंय. शिकतोय अजून."

"माणसं किती लागतात?"

"चार. एक चालवायला, एक भरायला, एक मारायला, आणि मी वर उभा."

"मारायला बी ठेवलाय?" कोंडाजींनी मान डोलावली. "लागतोच बाबा. आमच्याकडं बी टँकवर लय भांडणं होतात. भरायला किती वेळ?"

"माणूस तरबेज असला तर सात-आठ सेकंद."

कोंडाजींचा चमचा हवेत थांबला. "सेकंद? आमच्याकडं तास मोडतो! मोटर केवढी हाय?"

"पंधराशे घोड्यांची."

"अरे बापरे! म्हंजे एका दिवसात किती गावं करता?"

"गावं?" महेश गंभीर झाला. "गावावर शक्यतो नाही टाकत, काका. आत साधी माणसं असतात."

गोजराबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. टँक कुठला आणि टँकर कुठला, ते तिच्या डोक्यात लख्ख पडलं. गप्प राहावं का? गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिनं मनाला सांगून बघितलं. मनाला पटेना.

कोंडाजी उठले. "चला, दाखवा एकडाव. अंगणात तर दिसला नाय."

"आत आहे," महेश म्हणाला.

"घरात?"

"पाव्हणं, बसा खाली," गोजराबाई म्हणाली. "तुम्ही टँकर म्हणताय. आमच्याकडं टँकर नाय. लढाईतला रणगाडा हाय, तो बी कॉम्प्युटरवरचा. खेळ हाय."

"खेळ? ठमाबाई, तू तर तीन म्हणलीस!"

"हिनंच सांगितलं, घरात उभा केलाय!" ठमाबाई पदर सावरत सरकली.

"एवढा घोडा झालाय अन् खेळणं खेळतोय? ऊठ गं मने."

खेळणं. हाच शब्द गोजराबाईनं हजारदा वापरला असेल. पण लेकाला बोलायचा हक्क तिचा होता, तो तिनं कुणाला वाटून दिलेला नव्हता. तिनं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"खेळणं म्हणता ना? बसा हितं. त्यातला एक रणगाडा मारून दाखवा. मारलात तर मीच म्हणीन, माझा पोरगा वाया गेला."

कोंडाजी बाह्या सरसावून बसले. टेकाडावर गाडा चढवला. पडदा काळा. पुन्हा चढवला. पुन्हा काळा.

"आरं, मारतंय कोण? दिसत तर कुणीच नाय!"

"काका, टेकाडावर उभे राहिलात की आभाळापुढं बुजगावण्यासारखे दिसता. आड राहायचं."

"अन् मग?"

"थांबायचं."

कोंडाजी थांबले. आता तेही गवत बघायला लागले. चहा आला, गार झाला.

दारापाशी मनीषा गोजराबाईला हळूच म्हणाली, "मी नाय म्हणायलाच आले होते."

"आँ?"

"टँकरवाला नको होता मला. माझी मैत्रीण दिलीय तसल्या घरी. उन्हाळाभर नवरा रस्त्यावर, अन् हंडा भरला नाय की गाव शिव्या देतं ते हिला." तिनं महेशकडं बघितलं. "हे रोज बसतात?"

रविवारचाच बसतो, असं म्हणता आलं असतं.

"रोज," गोजराबाई म्हणाली. "हाकेला ओ देत नाय. ताट गार होतं. दुकान मात्र चोख हाय, त्यात खोट नाय."

"मी एकदाच हाक मारीन. मग ताट झाकून माझं मी जेवीन."

"मी तीन मारते."

"तुम्ही आई हाय."

गोजराबाईनं पोरीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. हिच्याही जिभेला धार होती. घरात दोन सुऱ्या झाल्या तर झाल्या, चिरायला भाजी काय कमी होती?

"दादा," मनीषा वडलांना म्हणाली, "मला पसंत हाय."

"थांब गं! गोळा भरतोय!"

त्याच क्षणी गोजराबाईला पडद्यावर काहीतरी हलताना दिसलं. तीन वर्षं पाठीमागं उभी राहून तिनं फक्त शिव्या दिल्या होत्या, आज मात्र ती पडद्याकडं झेपावली.

"डावीकडं! झाडाखाली! अहो व्याही, डोळे कुठं ठेवलेत तुम्ही?"

"डावीकडं म्हंजे कुणाच्या डावीकडं, विहीणबाई? नीट सांगा की!"

पडदा काळा झाला. दोघं एकमेकांवर ओरडतच राहिली, आणि ठमाबाईनं चहाच्या ताटातली साखर आधी हिच्या आणि मग त्यांच्या तोंडात कोंबली.