गादीखालचे हप्ते

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. घरातली नव्हे, केशकर्तनालयातली. गोल फिरणारी, पाठ मागे टाकणारी. नवी होते तेव्हा माझं लाल रेक्झिन असं चकाकायचं की गिऱ्हाईक आरसा सोडून मलाच बघायचं.

मालकांनी मला जिवापाड जपलं. दुकान बंद करताना ते आधी मला पुसत, मग स्वतःचा चेहरा. त्यांची लेक लहान असताना माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकून ते तिला बसवत. केस कापताना ती पाढे म्हणायची. पाढा चुकला की कात्री थांबायची.

तीच लेक पुढे इंजिनिअर व्हायला निघाली. फी दुकानाच्या कमाईत बसणारी नव्हती. मग बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. मालक जामीनदार झाले; सही केली ती माझ्यावरच बसून.

शिक्षण झालं, तिला परगावी नोकरी लागली. दर महिन्याला ती पाकीट घेऊन यायची.

"बाबा, हप्ता. उद्याच भरा."

"भरतो गं. बँक कुठे पळून चालली आहे?"

तिची पाठ वळली की मालक माझी गादी उचलून पाकीट आत सरकवत. लेकीच्या कमाईला हात लावायचा नाही, कर्ज आपणच फेडायचं आणि एक दिवस सगळी पाकिटं तिच्या हातावर ठेवायची, असा त्यांचा बेत. पण दाढी-कटिंगच्या गल्ल्यातून हप्ता निघायचा जेमतेम अर्धा.

मी फुगत चालले. पोस्टमनकाका बसले की कुरकुरत, "गादीत उंदीर पाळलेस का रे?"

"स्प्रिंग गेलीय," मालक म्हणत. माझी स्प्रिंग ठणठणीत होती. पण मालकांचं तेल खाल्लेलं. मी गप्प बसले.

एका दुपारी लेक अवचित आली. बँकेने तिला फोन केला होता: हप्ते थकलेत, व्याज चढलंय, आता जामीनदाराच्या दुकानावर टाच येईल.

"बाबा, मी दिलेले पैसे कुठे गेले? कुणाला उसने दिलेत का?"

मालक पुसलेलाच वस्तरा पुसत राहिले. ती थकून माझ्यावर बसली. आत कागद कुरकुरले. तिने उठून गादी उचलली आणि बघतच राहिली.

"तुझेच आहेत," मालक हळूच म्हणाले. "बापाने शिकवलं, एवढं म्हणता यावं म्हणून."

"शिकवलंतच की. पाढे कुणी पाठ करून घेतले? पण व्याजाला माया कळत नाही, बाबा."

"म्हणजे माझा पाढा चुकला."

"मग कात्री थांबवा, आणि चला बँकेत."

भरदुपारी दुकानाला कुलूप लागलं. थकलेलं सगळं भरलं. पुढचा हप्ता तिच्या पगारातून परस्पर जाऊ लागला; मालक जमेल ते देत, पण उघडपणे, तिच्या हातात. कर्ज फिटलं तेव्हा मालक नवी खुर्ची घ्यायची म्हणाले. लेक म्हणाली, "हिने एवढे पैसे सांभाळले, एक नोट खाल्ली नाही. हिला काढायची नाही." आणि मला नवं लाल रेक्झिन मिळालं. हे उपकार मी कसे विसरेन?

मित्रांनो, तुमच्या शिक्षणासाठी घरात कर्ज निघालं तर लाजू नका. किती आहे, कोण भरतंय, ते जेवताना मोठ्याने विचारा. जुन्या खुर्च्यांना जपा, पण त्यांची बँक करू नका.

परवा पोस्टमनकाका बसले आणि म्हणाले, "उंदीर गेले वाटतं."

"गेले," मालक म्हणाले. "शिकून मोठे झाले."